एका कप्प्यातली दोन रोपं

९ फेब्रुवारी

ताई,

फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर तू बोलतेस आणि मी 'हूं' करतो, एवढंच होतं. हल्ली तेही जमत नाही. कागदावर निदान तुला मधे तोंड घालता येणार नाही.

इटूला जाऊन दोन महिने होत आले. भेटायला येणारी माणसं थांबली. नर्सरी उघडी आहे, पाणी वेळेवर पडतं, गिऱ्हाईक येतं. बायका कामावर येतात आणि माझ्याशी हळू आवाजात बोलतात, जणू मीच आजारी आहे.

तुला एक विचारायचं आहे. तू जन्मभर हेच शिकवत आलीस, की सजीवांत कोण तगतं, कोण जातं आणि का. मी कधी लक्ष दिलं नाही. 'आमच्या ताईनं डॉक्टरेट घेतली ती माशा मोजण्यात' म्हणून तुझी टिंगलच केली. आज टिंगल नाही. दोघींना ताप आला एकाच आठवड्यात. एकाच खोलीत शेजारी शेजारी खाटा. डॉक्टर तोच, सलाईन तेच, औषध तेच. पिटू उठून बसली आणि इटू गेली. का?

जुळ्या, त्याही अशा की पाठमोऱ्या सख्ख्या आईला ओळखू येऊ नयेत. मी तर ओळखायचा नाद त्या रांगायला लागल्या तेव्हाच सोडला. 'इटूपिटू' अशी एकच हाक मारायची, जी जवळ असेल ती 'आलेऽ' म्हणत यायची. एकोणीस वर्षांच्या घोड्या झाल्या तरी तेच चाललं होतं. आता मला हाकच मारता येत नाही. अर्धी हाक तोंडातून निघत नाही आणि पूर्ण मारायची सोय राहिली नाही. 'अगं' म्हणतो आणि वेळ मारून नेतो.

पण फरक कुठंतरी असणार, ताई. कारणाशिवाय रोप मरत नाही. हे मी गिऱ्हाइकांना इतकी वर्षं सांगतोय. इटू लहानपणी दूध कमी प्यायची असं मला आठवतं. तिला खोकला लवकर धरायचा. का तो पिटूला धरायचा? हिला विचारलं तर ही नुसती रडते. तू शिकलेली आहेस. फरक काय होता तेवढा सांग. एकदा कळला की मी गप्प बसेन.

तुझा,
माळीबुवा


१७ फेब्रुवारी

माळीबुवा,

पत्र हातात आलं तेव्हा मी प्रयोगशाळेत होते. तिथंच उभ्यानं वाचलं. तू विचारलंस म्हणून सांगते. जे खरं वाटतं तेच सांगेन, तुझ्याशी गोड बोलायची मला कधी सवय नव्हती.

फरक नव्हता.

इटू आणि पिटू एकाच बीजातून आल्या. सुरुवातीला ते एकच होतं, मग त्याचे दोन भाग झाले. रक्ताच्या दृष्टीनं त्या दोघी म्हणजे एकाच फांदीची दोन कलमं. निसर्गाची निवड म्हणतात ती फरकावर चालते. थंडी पडली की थंडी सोसणारी माशी उरते, न सोसणारी जाते. तिथं कारण असतं आणि ते दाखवता येतं. पण सगळंच तसं होत नाही रे. माणसं उत्क्रांती म्हटलं की 'बळी तो कान पिळी' एवढंच धरून बसतात. नुसत्या योगायोगानं जे होतं, तेही तितकंच मोठं असतं.

माझ्याकडे बाटल्यांची एक रांग आहे. सगळ्यांत एकाच घरातल्या माशा, निम्म्या लाल डोळ्यांच्या, निम्म्या तपकिरी. खाणं तेच, ऊब तीच. दर पिढीला प्रत्येक बाटलीतून थोड्या माशा न बघता उचलायच्या आणि नव्या बाटलीत सोडायच्या. एवढंच. वर्षभरानं काही बाटल्यांत फक्त लाल डोळे उरतात, काहींत फक्त तपकिरी. कोणी निवडलेलं नसतं. बघायला येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, 'या बाटलीतल्या तपकिरी माशांत काय कमी होतं हो?' मी सांगते, काही नाही. त्या वेळी त्या हातात आल्या नाहीत, इतकंच.

तापातही असंच असतं. जंतू कुठं आधी रुजला, कुठली शिरा कधी सुजली, अशा बारीकसारीक गोष्टी. त्यांचा माग कुणाला काढता येत नाही. इटूत काही उणं नव्हतं. दूध कमी प्यायची ती पिटू. मला आठवतं, कारण मी भरवायचे.

वहिनीला जप. पिटू कशी आहे? तिच्याबद्दल तू एक ओळ लिहिली नाहीस.

ताई


२ मार्च

ताई,

तुझं पत्र वाचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही की माझ्या सख्ख्या बहिणीनं हे लिहिलं आहे. माझी इटू आणि तुझ्या बाटलीतल्या माशा! हातात आली नाही, इतकंच! तुझ्या पाहुण्यांना खुशाल सांग असलं. मी बाप आहे.

आणि निवड म्हणजे काय ते मला नको शिकवूस. माझं पोट त्यावरच चालतं. तू नर्सरीत येतेस ती खुर्ची टाकून चहा प्यायला, काम कधी बघितलं नाहीस. ट्रेच्या प्रत्येक कप्प्यात आम्ही दोन बिया टोकतो, कारण एखादी उगवत नाही. दोन्ही उगवल्या तर एक ठेवायची. दोन ठेवली तर दोन्ही लांबुळकी होतात आणि कुठलीच धड होत नाही. त्याला विरळणी म्हणतात. ती मी आजवर कुणाला करू दिली नाही, कारण तिथं नजर लागते. दोघांतलं कच्चं कोणतं ते मला एका नजरेत कळतं आणि तेच मी खुडतो. चांगलं रोप मी कधी खुडलेलं नाही. गिऱ्हाईक माझ्याकडे येतं ते त्याच भरवशावर.

म्हणजे माझ्यासारख्या अडाणी माळ्यालाही कारण लागतं, आणि जग चालवणाऱ्याला लागत नाही? हे मला पटत नाही.

पिटू मजेत आहे. कॉलेजला जाते. ती पहिल्यापासूनच चिवट, तिला काही होत नाही. तिची काळजी करू नकोस आणि मला पत्रही लिहू नकोस काही दिवस. तुझी अक्कल तुझ्याजवळ ठेव.

(सही करत नाही. अक्षर ओळखतेस.)


११ मे

माळीबुवा,

लिहू नकोस म्हणालास, दोन महिने ऐकलं. आता ऐकत नाही.

काल संध्याकाळी दार वाजलं. उघडलं तर पिटू उभी, खांद्याला पिशवी, पाय धुळीनं भरलेले. 'आत्या, चार दिवस राहू?' म्हणाली. तुला तिनं मैत्रिणीकडे जाते असं सांगितलं आहे. वहिनीला खरं ठाऊक आहे, तेव्हा शोधाशोध करू नकोस आणि वहिनीवर ओरडूही नकोस.

मजेत आहे म्हणे! पोरगी वाळून काडी झाली आहे. कॉलेजचं तोंड तिनं जानेवारीपासून बघितलेलं नाही. सकाळी डबा घेऊन निघायची आणि बसथांब्यावर बसून दुपारी परत यायची. तुला ठाऊक नव्हतं की मला सांगायचं नव्हतं?

रात्रीचं जेवण झाल्यावर बोलली. ती जे म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहिते, कारण ते तुझ्यासाठी आहे. 'बाबा माझ्याकडे बघत नाहीत आत्या, तपासतात. पान उलटं करून कीड बघतात ना, तसे. जेवताना किती खाते ते बघतात. शिंकले तर बघतात. घरी कोण आलं की सांगतात, ही मुळातली चिवट आहे. मग इटू मुळातली कच्ची होती का? ती आणि मी तर एकच होतो. ती कच्ची तर मीही कच्ची. आणि मी चिवट असेन तर ती का गेली? तिच्या वाटचं काही मी घेतलं का?'

तुला धाडलं ते शास्त्र तिलाही सांगून बघितलं. आज तिला प्रयोगशाळेत घेऊन गेले. माशांच्या खाण्याच्या, आंबलेल्या पिठाच्या वासानं तुम्ही सगळे नाक धरता, तिनं धरलं नाही. बाटल्यांची रांग दाखवली. तिनं पाहुण्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला नाही. लाल डोळ्यांची बाटली हातात धरून म्हणाली, 'ज्या राहिल्या, त्यांना कळत असेल का?'

आता माझंही एक ऐक. फेब्रुवारीत तुला मी शहाणपणाचं पत्र लिहिलं, त्याआधीच माझा त्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन करून झाला होता. खिडकीशी खाट कुणाची होती, सलाईन आधी कुणाला लावलं, सगळं खोदून विचारलं. ते बिचारे म्हणाले, 'बाई, दोघींना तेच दिलं. एकीचा ताप उतरला, एकीचा चढला. मीसुद्धा अजून विचार करतो.' उभा जन्म योगायोग शिकवला मी. घरात मरण आलं तेव्हा मलाही कारण हवं होतं. तेव्हा तुला मी हसत नाही. तुझं दुःख मला कळतं, कारण ते माझंही आहे. पण कारण शोधता शोधता तू जिवंत पोरीला खुडतो आहेस.

ती परत यायला तयार नाही. इथंच कुठंतरी काम बघते म्हणते.

ताई


१६ मे

ताई,

तिला पाठवून दे. परकी माणसं काय म्हणतील? मी तिला काही बोललो नाही, हात लावला नाही, जेवू घातलं. बाप आणखी काय करतो? गाडीत बसवून दे, मी स्टँडवर येतो.

माळीबुवा


२१ मे

माळीबुवा,

ती काय पार्सल आहे पाठवायला? मी पत्र तिच्यापुढे ठेवलं. तिनं वाचलं, घडी घातली आणि परत दिलं. 'यात माझं नाव नाही' म्हणाली.

खाली सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, तिथल्या बाईंच्या हाताखाली चार दिवसांपासून पंक्चर काढते. हात काळे करून येते आणि झोपते. निदान झोपते तरी.

ती तुला हवी असेल तर तू ये. नाहीतर लिही. मला नको, तिला लिही. आणि लिहायला काही नसेल तर नको लिहूस, घाई नाही. ती माझ्याकडे आनंदानं राहील. मी मात्र तुझ्या जागी असते तर राहू दिलं नसतं.

ताई


८ जून

ताई,

पत्र तुझ्या नावानं लिहितोय, पण तिला वाचून दाखव. तिच्या नावानं लिहायला बसलो की पहिल्याच शब्दाशी अडतो. कारण तुला ठाऊक आहे.

मी तुला एक सांगितलं नव्हतं. इटू गेल्यापासून मी विरळणी केलेली नाही. ट्रे भरले, बिया टोकल्या, सगळं उगवून आलं, पण खुडायला हात जाईना. बायकांना वाटलं, मालक विसरले. मिरची, टोमॅटो, कोबी, सगळ्या कप्प्यांत दोन दोन. एकमेकांना ढकलत वाढली, पिवळी पडली, मान टाकली. दोन खेपा फुकट गेल्या. नेहमीचं गिऱ्हाईक तोंड वाकडं करून दुसरीकडे गेलं. मी म्हटलं, जाऊ दे.

पिटू तुझ्याकडे गेल्यावर घरात ही आणि मी. ही बोलायची बंद झाली. परवा सकाळी मी टोमॅटोचा ताजा ट्रे घेऊन सावलीत बसलो. म्हटलं, आज करायचीच. नाहीतर धंदा बुडेल आणि लोक म्हणतील, पोरीपायी माळी वाया गेला.

पहिला कप्पा. दोन्ही उगवलेली. दोन्ही तेवढीच, देठ तेवढाच, पानं तेवढीच. म्हटलं, यातलं कच्चं कोणतं? आजवर असं विचारायची वेळ आली नव्हती, नजरेलाच कळायचं. आज खाली वाकून बघितलं, चष्मा लावून बघितलं, तरी कळेना. दुसऱ्या कप्प्याकडे वळावं म्हणून हात उचलला, तर एक रोप माझ्या बोटांत होतं. मी बघत होतो आणि अंगठा आपलं काम करून मोकळा झाला होता. त्यानं अलीकडचं खुडलं होतं.

दुसऱ्या कप्प्यात तेच, अलीकडचं. तिसऱ्यात तेच. एका कप्प्यात खरंच एक रोप मरतुकडं होतं, तिथं अंगठा पलीकडे गेला आणि बरोबर तेच खुडलं. तेव्हा नजर आहे, ती खोटी नाही. पण तशी जागा ट्रेभरात थोडीच. बाकी सगळीकडे जवळ असेल ते. ट्रे फिरवून ठेवला असता तर दुसरी जगली असती.

मग मी खुडलेल्यांचा ढीग बघितला. आजवर कधी बघितला नव्हता, तो झाडून टाकायचा असतो. हिरवीगार रोपं होती, ताई. ट्रेतल्या रोपांहून कशातही कमी नाहीत. 'चांगलं रोप मी कधी खुडलेलं नाही' असं तुला ताठ्यानं लिहिलं होतं. मी हजारो खुडली आहेत. खुडावीच लागतात, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण ती कच्ची होती असं मी म्हणत आलो. तसं म्हटलं की हात अडत नाही.

तिथंच बसून मी रडलो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. ही धावत आली, तिला वाटलं मला काही झालं.

ताई, तू म्हणाली होतीस तेच खरं. इटूत काही कमी नव्हतं. पण हे कळल्यानं बरं वाटत नाही गं. कारण असतं तर त्याच्यावर चिडता आलं असतं. दूध, खोकला, काहीतरी धरून बसता आलं असतं. आता काहीच नाही. पोरगी चांगली होती आणि ती गेली, एवढंच आहे. हे कसं सोसायचं ते तुझ्या शास्त्रात असेल तर कळव.

आणि तिला सांग, तू कुणाच्या वाटचं घेतलं नाहीस. तू चिवट आहेस असं बाबा पुन्हा कुणाला सांगणार नाही. तू कच्ची असतीस, आजारी असतीस, तरी मला तूच हवी होतीस. ती पण हवी होती. दोघी हव्या होत्या. बास.

माळीबुवा


१३ जून

माळीबुवा,

तू विचारलंस ते माझ्या शास्त्रात नाही. असतं तर मी आधी स्वतःसाठी वापरलं असतं.

पत्र वाचून दाखवलं. शेवटच्या ओळींशी मी थांबले, मग तिनं कागद हातातून घेतला आणि उरलेलं तिनं मला वाचून दाखवलं. सकाळी उठून बघते तर पिशवी भरून दाराशी. म्हणाली, सायकलवाल्या बाईंना सांगून येते, त्यांचं एक चाक अर्धं खोललेलं आहे.

मला काळजी वाटते, ते लपवत नाही. तिच्याशी जास्त बोलू नकोस. माफी वगैरे मागू नकोस, ती अवघडेल. काम दे.

ताई


३० जून

ताई,

तू सांगितलंस तसंच केलं. स्टँडवर भेटलो, पिशवी सायकलला अडकवली, घरी आलो. वाटेत ती एवढंच म्हणाली की आपल्या सायकलची साखळी कुणी बघितली आहे का, केवढी वाजते. मी म्हटलं, नाही. घरी येऊन तिनं साखळी काढली आणि अंगणभर तेल करून ठेवलं. हिनं फरशी पुसता पुसता तिला दोन शिव्या घातल्या. घरात माणसाचा आवाज झाला.

ती नर्सरीत येते. विरळणीला मी तिला शेजारी बसवतो. पहिल्या दिवशी खुडलेली रोपं तिनं टाकू दिली नाहीत. रिकाम्या कप्प्यांत बोटानं खळगी करून ती लावत बसली. मी म्हटलं, अगं, मुळं दुखावलेली आहेत, जगायची नाहीत. म्हणाली, जगतील तेवढी जगतील. काही जगली, काही गेली. कोणती जगेल ते मला आधी सांगता आलं नाही आणि मी सांगायचा प्रयत्नही केला नाही. आता रोज थोडी लावते. धंद्याच्या दृष्टीनं वेळेची नासाडी आहे. लावू दे.

हाक मात्र अजून जमत नव्हती. 'अगं' आणि 'ऐक' यावरच चाललं होतं. तिलाही ते कळत होतं.

काल दुपारी शेडनेटखालची मोठी नळी सांध्यातून सुटली. पाण्याचा लोट थेट नव्या ट्रेंवर. मी दोन्ही हातांनी नळीचं तोंड दाबून धरलं, पाणी नाकातोंडात, कॉक पार त्या टोकाला. काही सुचायच्या आत तोंडातून निघून गेलं, 'इटूपिटूऽऽ!'

सगळं थांबलं, ताई. बायकांचे हात थांबले. ही दारात आली आणि तिथंच खांब धरून उभी राहिली. मला वाटलं, जमीन फाटावी आणि मी आत जावं. पाणी तेवढं वाहत होतं.

आणि पलीकडच्या रांगेतून आवाज आला, 'आलेऽऽ!' तसाच, पहिल्यासारखा लांबवलेला. धावत आली, कॉक बंद केला, माझ्याजवळ येऊन सुटलेला सांधा हातात घेऊन बघायला लागली. दोघं नखशिखान्त भिजलेलो. मला तिच्याकडे बघवेना. तिनंच सांधा आवळता आवळता, वर न बघता सांगितलं, 'बाबा, अशीच मारत जा हाक. नुसतं पिटू कुणी म्हटलं तर मला ते माझं वाटत नाही.'

कालपासून तशीच मारतो. सकाळी चहाला मारली, संध्याकाळी कुलूप लावताना मारली. शेजारचे दचकतात, दचकू देत. हाक मी दोघींना मारतो, ताई. येते एकच. मी क्षणभर दुसरीची वाट बघतो, मग जी आली तिच्याबरोबर कामाला लागतो.

जमलं तर पुढच्या महिन्यात ये. खुर्ची टाकून देतो, चहा देतो, आणि या वेळी विरळणी दाखवतो.

तुझा,
माळीबुवा